द्विवचनाच्या देशात : स्लोव्हेनियातले सहा दिवस

पहिला दिवस : व्हिएन्ना ते ल्युब्लियाना

व्हिएन्नाहून सकाळची गाडी धरली आणि सहा तासांनी ल्युब्लियानाला उतरलो. बसनं जरा लवकर पोचता येतं, पण हा रेल्वेमार्ग चुकवू नये असं माझं मत आहे. ऑस्ट्रियाच्या सम्राटांनी आपल्या राजधानीला समुद्राशी जोडण्यासाठी तो बांधला. 1849 मध्ये रूळ ल्युब्लियानापर्यंत आले आणि 1857 मध्ये त्रिएस्तेच्या बंदरापर्यंत. आधी सेमरिंगचा घाट लागतो, मग मारिबोर, आणि झिदानी मोस्त गेलं की सावा नदी गाडीच्या सोबतीला येते, ती थेट ल्युब्लियानाच्या सपाटीपर्यंत.

खिडकीतून शेतात एक वेगळीच गोष्ट सारखी दिसत होती. दोन-तीन पुरुष उंचीचे लाकडी खांब, त्यांना शिडीसारख्या आडव्या दांड्या आणि वर चिंचोळं छप्पर. भिंती नाहीतच. दांड्यांवर गवत वाळत घातलेलं. याला 'कोझोलेत्स' म्हणतात. इथे ऐन उन्हाळ्यातही पाऊस येतो, गवत जमिनीवर ठेवलं तर कुजतं, म्हणून वारा खेळेल असं उभं वाळवायचं. आपल्याकडे कडब्याची गंजी रचायची एक रीत आहे, तशी ही त्यांची रीत.

देश केवढा? अख्खा स्लोव्हेनिया 20,271 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा आणि महाराष्ट्राच्या पंधराव्या हिश्श्याएवढा. लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास. राजधानी ल्युब्लियाना हे सगळ्यात मोठं शहर, तेही तीन लाखांच्या आतबाहेर. डिसेंबर 1990 मध्ये इथल्या लोकांनी युगोस्लाव्हियातून वेगळं होण्याच्या बाजूनं कौल दिला, 25 जून 1991 ला स्वातंत्र्य जाहीर झालं, मग दहा दिवसांचं युद्ध झालं आणि देश उभा राहिला. 2004 पासून युरोपीय संघात आहे आणि 2007 पासून इथे युरो चालतो. आपल्याला शेंगेन व्हिसा पुरतो.

सामान खोलीवर टाकून आम्ही दोघं मुख्य चौकात गेलो. राजधानीच्या मुख्य चौकात साधारणपणे घोड्यावरचा राजा किंवा सेनापती असतो. इथे कवी उभा आहे. फ्रान्स प्रेशेरेन, जन्म 1800, मृत्यू 1849. त्याचा पुतळा 1905 मध्ये बसवला. त्याची नजर समोरच्या गल्लीतल्या एका भिंतीकडे लागलेली आहे, आणि त्या भिंतीवर खिडकीतून डोकावणाऱ्या तरुणीचं शिल्प आहे. ही युलिया प्रिमित्स. प्रेशेरेननं तिच्यावर कविता लिहिल्या, पण तिचं लग्न दुसरीकडे झालं. त्याच्याच 'झ्द्राव्हल्यित्सा' या कवितेतलं एक कडवं आज देशाचं राष्ट्रगीत आहे. जिथवर सूर्य फिरतो तिथवरचं भांडण मिटो आणि सीमेपलीकडे सैतान नव्हे, शेजारी दिसो, असा त्याचा आशय. त्याच्या पुण्यतिथीला, 8 फेब्रुवारीला, देशभर सुट्टी असते. आपणही कवीच्याच जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, त्यामुळे मला हे फार जवळचं वाटलं. सुट्टी मात्र आपण देत नाही.

नदीकाठच्या एका छोट्या उपाहारगृहात बसलो. गाडीत चार शब्द पाठ केले होते, त्यातले वापरून मी म्हटलं, "द्वे कावा, प्रोसिम." वाढणारी मुलगी थांबली आणि दोन बोटं वर करून हसून म्हणाली, "द्वे कावी." एक असेल तर 'कावा', दोन असतील तर 'कावी', तीन-चार असतील तर 'कावे', पाचापासून पुढे 'काव'. मी बघतच राहिले. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, 'देवः देवौ देवाः' किती पिढ्यांकडून घोकून घेतलं असेल. पाली-प्राकृतातच द्विवचन गळून गेलं, त्यामुळे मराठीला ते मिळालंच नाही. मी ते फक्त फळ्यावर पाहिलेलं. इथे एक विशीतली मुलगी कॉफी देता देता ते बोलत होती.

"अहो, यांच्यात द्विवचन आहे!" मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "अगं, कॉफी निवतेय."

सुट्टे पैसे परत आले त्यात दोन युरोचं नाणं होतं. त्यावर प्रेशेरेनचा चेहरा, शेजारी त्याच्या हस्ताक्षरात कवितेची ओळ. एक युरोच्या नाण्यावर प्रिमोझ त्रुबार, ज्यानं 1550 मध्ये स्लोव्हेन भाषेतलं पहिलं पुस्तक छापलं. पाच सेंटच्या नाण्यावर शेतात बी फेकणारा पेरणी करणारा माणूस आहे, आणि त्याच्या हातून बियांऐवजी चांदण्या पडतायत. कितीतरी वेळ ती तीन नाणी तळहातावर घेऊन बसले होते.

दुसरा दिवस : ल्युब्लियाना

जूनमध्ये इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. शहराचा गाभा 2007 पासून मोटारींना बंद आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी विजेवरच्या छोट्या गाड्या फुकट फिरतात, हात केला की थांबतात. नळाचं पाणी खुशाल प्यावं. पिण्याचं पाणी हा प्रत्येकाचा हक्क आहे असं या देशानं 2016 मध्ये राज्यघटनेत लिहून ठेवलं. आम्ही सहा दिवसांत पाण्याची एकही बाटली विकत घेतली नाही.

1895 च्या ईस्टरला इथे मोठा भूकंप झाला आणि शहर नव्यानं बांधावं लागलं. त्यानंतर 1901 मध्ये चार कोपऱ्यांवर हिरवट तांब्याचे पंख पसरलेले ड्रॅगन असलेला पूल झाला. त्याचे फोटो सगळेच काढतात. पण आजच्या शहरावर खरी छाप आहे ती योझे प्लेच्निक या वास्तुकाराची, जन्म 1872, मृत्यू 1957. मुख्य चौकातला जुना दगडी पूल अपुरा पडायला लागला तेव्हा त्यानं तो पाडला नाही. दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल जोडला आणि तिहेरी पूल केला. नदीकाठचा खांबांचा लांबलचक बाजारही त्याचाच. सकाळी तिथे चेरी, वाळवलेली लिंडेनची फुलं, घरची लोणची आणि गाईच्या दुधाचं ताजं पनीर विकायला होतं.

किल्ला बघावा, पण माझ्या मते अर्धा तास पुरे. तिथे वाचलेला वेळ राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावा. 1936 ते 1941 या काळात प्लेच्निकनं ते बांधलं. बाहेरून भिंत विटांची, आणि विटांमधून मध्येच ओबडधोबड दगड पुढे आलेले. याच जागी भूकंपात पडलेला वाडा होता, त्याचे दगड त्यानं भिंतीत बसवले. दरवाज्याची मूठ हातात घेतली तर ती घोड्याच्या डोक्याची. आत गेल्यावर अंधारच. काळपट दगडाचा रुंद जिना, दोन्ही बाजूंना मिळून बत्तीस काळे खांब, आणि वर, अगदी शेवटी, वाचनगृहाच्या काचांमधून आलेला उजेड. अज्ञानातून ज्ञानाकडे जाताना पायांना जे जाणवावं ते या माणसानं दगडात बांधून ठेवलं आहे. 'तमसो मा ज्योतिर्गमय' वर्गात शेकडो वेळा म्हटलं असेल, पण त्याच्या पायऱ्या त्या दिवशी चढले. 1944 मध्ये एक विमान या वाचनगृहावर कोसळलं आणि हजारो पुस्तकं जळाली. वाचनगृह पुन्हा उभं केलं, आणि आज तिथे मुलं मान खाली घालून अभ्यास करत बसलेली असतात.

दुपारी नगर संग्रहालयात गेलो ते एका चाकासाठी. शहराच्या दक्षिणेला दलदलीचा सखल प्रदेश आहे. तिथे 2002 मध्ये लाकडी चाक आणि त्याचा आस सापडला, सुमारे 5200 वर्षांपूर्वीचा. आसासकट सापडलेलं हे जगातलं सगळ्यात जुनं लाकडी चाक. दलदलीत हवा पोचली नाही म्हणून लाकूड टिकलं. चाक हातभर त्रिज्येचंही नाही. फळ्या आडव्या पट्ट्यांनी घट्ट जोडल्यात आणि मधलं भोक गोल नाही, चौकोनी आहे. म्हणजे आपल्या बैलगाडीत चाक आसाभोवती फिरतं तसं इथे नव्हतं. आस चाकात पक्का बसवलेला होता आणि चाकासोबत फिरायचा. त्या आसाला स्लोव्हेन भाषेत 'ओस' म्हणतात. संस्कृत 'अक्ष', मराठी 'आस', स्लोव्हेन 'ओस', तिन्ही एकाच मुळातले. एवढ्या दूर येऊन काचेमागे आपल्याच घरातला शब्द दिसावा!

मग मला तो नादच लागला. संध्याकाळी वहीत यादी केली. आग म्हणजे 'ओगेन', अग्नी. आकाश म्हणजे 'नेबो', नभ. धूर म्हणजे 'दिम', धूम. विधवा म्हणजे 'व्दोव्हा'. सून म्हणजे 'स्नाहा', आपली स्नुषा. मध म्हणजे 'मेद', मधु. आणि 'ल्यूब' म्हणजे प्रिय, हा आपल्या 'लोभ' या शब्दाचा सख्खा भाऊ. आपण एरवी लोभ हा अवगुण मानतो, पण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो, तिथे जुना अर्थ जपून राहिलाय.

तिसरा दिवस : मधमाश्यांचा मुलूख

येसेनित्सेकडे जाणाऱ्या गाडीनं तासाभरात राडोव्हलित्साला उतरलो. जुनं गाव एवढंसंच आहे, आणि तिथल्या वाड्यात 1959 पासून मधुपालनाचं संग्रहालय आहे. मला विचाराल तर ब्लेडचं तळं एक वेळ राहिलं तरी चालेल, पण हे बघाच.

इथल्या जुन्या पेट्या आडव्या, लांबट, लाकडी, एकावर एक रचलेल्या, कपाटाच्या खणांसारख्या. प्रत्येकीच्या पुढच्या फळीवर चित्र रंगवलेलं. सगळ्यात जुनी फळी 1758 सालची आहे. आपली पेटी कुठली ते मधपाळाला आणि माशीला दोघांनाही ओळखता यावं म्हणून हे रंग, असं सांगतात. पण फक्त ओळखीसाठी कुणी एवढा जीव ओतत नाही. संत आहेत, सैतान आहेत, आणि मला सगळ्यात आवडली ती शिकाऱ्याच्या अंत्ययात्रेची फळी : शिकारी तिरडीवर, आणि त्याला खांद्यावर घेऊन निघालेत जंगलातले प्राणी. शेतकऱ्याच्या घरात दुसरं चित्र लावायची ऐपत नसेल, पण अंगणातल्या पेट्यांवर अख्खं चित्रदालन होतं.

काचेच्या एका पेटीत जिवंत पोळंही ठेवलंय. राखाडी लव असलेली, शांत स्वभावाची ही इथली देशी माशी. या देशात मधुपालनासाठी हीच जात पाळायची असा नियम आहे. एकवीस लाखांच्या देशात दहा हजारांहून जास्त लोक मधमाश्या पाळतात. तिथल्या ताईंनी एक गोष्ट सांगितली ती मी जन्मात विसरणार नाही. स्लोव्हेन भाषेत जनावर मेलं की एक क्रियापद वापरतात आणि माणूस गेला की दुसरं. मधमाशी मेली की माणसाचं क्रियापद वापरायचं : 'उम्रेती'. कुत्रा, घोडा, गाय, कुणालाच तो मान नाही. फक्त माशीला. त्या 'उम्रेती'तलाही 'मृ' धातू कानाला लगेच ओळखू आला.

तिथून पुढची गाडी धरून झिरोव्हनित्साला उतरलो आणि शेतांमधून चालत निघालो. वर आल्प्सचा कडा, खाली कापलेल्या गवताचा वास. या एका छोट्या टापूत दोन मोठी माणसं जन्मली. ब्रेझनित्सा गावचा आंतोन यान्शा, जन्म 1734. तो मुळात चित्रकार, पण व्हिएन्नात मारिया थेरेसा राणीनं मधुपालनाची शाळा काढली तेव्हा तिचा पहिला शिक्षक झाला. 20 मे हा जागतिक मधमाशी दिन त्याच्या स्मरणार्थच आहे. स्लोव्हेनियानं तो संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला आणि 2017 मध्ये तो मान्य झाला. आणि जवळच्याच व्हर्बा गावात प्रेशेरेनचं घर. जाड भिंती, बुटकं दार, काळवंडलेलं स्वयंपाकघर. गावाच्या मधोमध लिंडेनचा जुना वृक्ष आहे, त्याला ते लिपा म्हणतात. खाली गोलाकार सोळा दगड, सोळा शेतकरी कुटुंबांचे. आपल्याकडे पार असतो तसाच. झाड फुलावर आलं होतं आणि वर माश्यांचा गुणगुणाट इतका दाट होता की झाडच गुणगुणतंय असं वाटलं. आम्ही दोघं दोन दगडांवर बसलो आणि सोबत आणलेल्या दशम्या खाल्ल्या.

ब्लेडला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तळं, मध्ये बेट, बेटावर चर्च, कड्यावर किल्ला, सगळं चित्रात असतं तसंच. गर्दी फार. बेटावर चढायला 99 पायऱ्या आहेत, आम्ही काठावरूनच बघितलं. तिथला साय आणि कस्टर्डचा चौकोनी केक मात्र खावा. 1953 पासून तो इथे बनतो. शाकाहारी असाल आणि अंड्याचंही वावडं असेल तर आधी विचारून घ्या. एरवी 'श्त्रुक्ल्यी' मागवावेत, पनीर किंवा अक्रोड भरून गुंडाळलेले उकडीचे रोल. कुट्टूच्या पिठाचे पदार्थही मिळतात.

चौथा दिवस : पाताळातली नदी

दिवाचा स्टेशनवरून श्कोत्सियानच्या गुहा तीनेक किलोमीटर. पोस्टोय्नाची गुहा जास्त प्रसिद्ध आहे, तिथे 1872 पासून आत रूळ आहेत. आम्ही मुद्दाम श्कोत्सियान निवडलं, कारण इथे नदी आहे. रेका तिचं नाव, आणि रेका म्हणजेच नदी. उघड्यावर वाहत येते, चुनखडीच्या कड्याखाली शिरते आणि तीस-चाळीस किलोमीटरांवर इटलीत पुन्हा वर येते.

आत बारा अंश तापमान, स्वेटर लागतोच. पाचशेवर पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर विचार करून जावं. पहिला तासभर लवणस्तंभ बघत जातो आणि मग आवाज यायला लागतो, पावसाळ्यात घाटात येतो तसा. वळण घेतलं की समोर काळोखाची दरी उघडते, तळाशी नदी, आणि तिच्यावर पंचेचाळीस मीटर उंचीवर अरुंद पूल. मी पुलाच्या मधोमध उभी राहिले आणि ह्यांचा हात घट्ट धरला. आमच्या सह्याद्रीत लेणी आहेत ती माणसानं छिन्नीनं कोरलेली, कारण काळा पाषाण पाण्याला दाद देत नाही. इथे पाण्यानंच दगड विरघळवत लेणं खोदलंय. या प्रदेशाचं नाव क्रास, आणि अशा भूरूपाला जगभर 'कार्स्ट' म्हणतात ते याच नावावरून.

संध्याकाळी बसनं पिरान. समुद्रात घुसलेलं, व्हेनिसच्या जुन्या राज्यातलं गाव. व्हायोलिनवादक तार्तिनीचा जन्म इथला, 1692 चा.

पाचवा दिवस : मिठागर

स्लोव्हेनियाला समुद्रकिनारा मिळालाय तो जेमतेम 47 किलोमीटर. त्यातही त्यांनी मिठागर सांभाळलंय.

आम्ही दोघंही वसईकडचे. लोकलच्या खिडकीतून मिठागरं आणि पांढरे ढीग बघतच मोठे झालो. त्यामुळे सेचोव्ल्येला पाय ठेवला आणि वासानंच ओळख पटली. तेच बांध, तेच चौकोनी वाफे, तीच उघडी-बंद होणारी लाकडी दारं. भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत जायचं, उन्हानं ते दाट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात खडा धरतो. फरक एका गोष्टीत आहे. इथे शेवटच्या वाफ्याच्या तळावर 'पेतोला' नावाचा पातळ थर मुद्दाम वाढवतात. शेवाळ, सूक्ष्म जीव आणि जिप्सम यांचा तो थर चिखल आणि मीठ यांच्यात गालिच्यासारखा पसरलेला असतो. त्यामुळे मिठात माती येत नाही. मीठ पांढरं निघतं, धुवावं लागत नाही. हिवाळाभर या थराची निगा राखायची, पाण्याखाली ठेवायचा, फाटू द्यायचा नाही. चौदाव्या शतकापासून हे चाललंय.

मिठागरातला एक कामगार वाफ्यात उभा राहून लांब दांड्याच्या लाकडी फळीनं मीठ ओढत होता. फळी तळाला घासत नव्हती, थरावरून अलगद सरकत होती, जशी निवलेल्या दुधावरून साय ओढावी. त्याचा हात मी पंधरा मिनिटं बघत होते. पूर्वी मिठागराची कुटुंबं एप्रिलच्या शेवटी संत जॉर्जच्या सणाला इथल्या दगडी घरांत राहायला यायची आणि ऑगस्टमध्ये संत बार्थोलोम्यूच्या दिवसापर्यंत इथेच असायची. ती घरं आता बरीचशी पडलीत. आमच्याकडच्या आगरी कुटुंबांचीही अशीच आगरं होती. त्यातली किती उरली, हा विचार परतताना दोघांच्याही मनात होता.

पिरानमध्ये प्रत्येक पाटी दोन भाषांत आहे, स्लोव्हेन आणि इटालियन. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हा किनारा इटलीकडे होता आणि तेव्हा शाळांमधून स्लोव्हेन हद्दपार केली होती. पुढे सत्ता बदलली. आज इथे इटालियन बोलणारे मूठभर उरलेत, तरी त्यांच्या भाषेला पाटीवर, शाळेत आणि संसदेतल्या एका राखीव जागेवर हक्क आहे. ज्यांची भाषा एकदा हिरावली गेली होती त्यांनी हे केलंय. मी त्या निळ्या पाट्यांचे फोटो काढून आणले.

सहावा दिवस : परत ल्युब्लियाना

गाडी दुपारची होती. सकाळी तारेच्या वाटेवर चालायला गेलो. फेब्रुवारी 1942 मध्ये इटालियन सैन्यानं अख्ख्या ल्युब्लियानाभोवती काटेरी तार ओढली, शहरातल्या प्रतिकार चळवळीचा बाहेरच्या जंगलांशी संबंध तोडण्यासाठी. पुढे जर्मन आले, तार तशीच राहिली. मे 1945 पर्यंत, सव्वातीन वर्षं, शहर कुंपणात होतं. युद्धानंतर लोकांनी त्याच रेषेवर वाट केली, तीस किलोमीटरांहून लांब, दोन्ही बाजूंना झाडं. आज त्यावरून लोक सायकली चालवतात, बाळांच्या गाड्या ढकलतात. आम्ही चार-पाच किलोमीटर चाललो. अधूनमधून दगडी खांब दिसतात, चौकी कुठे होती ते सांगणारे.

परतताना पहिल्या दिवशीच्या त्याच उपाहारगृहात गेलो. तीच मुलगी होती. या वेळी मी नीट म्हटलं, "द्वे कावी, प्रोसिम." तिनं मान डोलावली. बिल देताना तिला पाठीवरच्या पिशव्या दिसल्या. तिनं आमच्या दोघांकडे बघून विचारलं, "ग्रेस्ता?" तुम्ही दोघं निघालात?

मी म्हटलं, "ग्रेवा."

'आवां गच्छावः' असं तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. आमच्या दोघांसाठी ते कधी म्हटलं नव्हतं.